न संपणारा शब्द आणि वाढवे बाई

आदरणीय वाढवे बाईंची आणि माझी ओळख एका बॅनरमुळे झाली. हिंगोलीत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत ज्या दुकानात मी कामाला आहे, तिथं लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या असं सगळं छापून मिळतं. मजकूर संगणकावर जुळवून घेण्याचं काम माझ्याकडं असतं. एका दुपारी पांढरी सुती साडी नेसलेल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक वयस्क बाई आल्या आणि त्यांनी मजकूर तोंडी सांगितला: ‘नापासांचा इंग्रजी वर्ग. फी नाही. वयाची अट नाही.’

मी मजकूर जुळवला. बाईंनी पडद्याकडं पाहून ‘नापासांचा’ हा शब्द मोठा करायला सांगितलं. मी थोडासा केला. त्यांनी आणखी मोठा करायला सांगितलं. मी ‘इंग्रजी वर्ग’ हे दोन शब्द चांगले ठळक केले आणि ‘नापासांचा’ जवळजवळ होता तेवढाच ठेवला. लोक हे नाव वाचून यायला लाजतील, असं मी त्यांना सुचवूनही पाहिलं. बाईंनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही कोणत्या विषयात राहिलात?”

मी खाली बघून म्हणालो, “इंग्रजीत.”

“मग तुम्हाला लांबून वाचता येईल एवढा करा.”

मी केला. बॅनर त्यांच्या हातात दिला त्याच संध्याकाळी मी त्या वर्गात जाऊन बसलो होतो.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी शिक्षक लिहिणार आहेत, त्यांचे मोठ्या हुद्द्यावर पोचलेले विद्यार्थी लिहिणार आहेत. माझं शिक्षण अर्धवट आहे. समितीनं मलाही लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. पण बाईंच्या वर्गात एका शब्दापाशी आमची गाडी कशी थांबली आणि कशी निघाली, हे मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही, असं वाटलं. प्रत्येक ओळ दोन वेळा तपासून पाहिली आहे. तरी काही राहिलं असेल तर ते माझं समजावं.

बाईंनी आयुष्यभर सेनगाव तालुक्यातल्या गावांमधून इंग्रजी शिकवलं. जिथं एसटी जाते तिथंही आणि जिथं रस्ता संपल्यावर पायी जावं लागतं तिथंही. सेवानिवृत्त झाल्यावर माणसं नातवंडांत रमतात. बाईंनी मात्र जे विद्यार्थी आपल्या हातून किंवा दुसऱ्या कोणाच्या हातून इंग्रजीत राहिले, त्यांना शोधायला सुरुवात केली. वर्गाला जागा नव्हती. हळदीचे आडते बालाजीकाका यांनी आपल्या गोदामाचा अर्धा भाग संध्याकाळपुरता दिला. मागच्या भिंतीला हळदीची पोती आणि पुढं सतरंजी, असा आमचा वर्ग होता. वर्ग सुटून बाहेर पडताना प्रत्येकाच्या कपड्याला कुठं ना कुठं पिवळा हात लागलेला असे. त्यावरून गावात आम्हाला ‘हळदीचे’ म्हणायचे, म्हणजे लग्नाची पोरं. सलीमभाईंना तर त्यांच्या बायकोनं विचारलं होतं की रोज संध्याकाळी कोणाच्या हळदीला जाता.

सलीमभाई हे सेनगाव ते हिंगोली जीप चालवतात. वर्गात वयानं तेच मोठे. त्यांच्या जीपमधून रुक्मिणाताई यायच्या. त्यांच्या घरी मेंढ्या आणि शेळ्या आहेत. त्यांना अंगणवाडीत लागायचं होतं आणि त्यासाठी दहावीतलं इंग्रजी आडवं आलं होतं. सलीमभाईंना असं काहीच कारण नव्हतं. धाकट्या मुलीनं एकदा त्यांच्यादेखत मैत्रिणीला सांगितलं की अब्बांना एबीसीडीच्या पुढं येत नाही, एवढंच. बाकी आम्ही काही जण होतो. कोणी हमाली करणारे, कोणी दवाखान्यात झाडलोट करणारे. बाई सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायच्या. रुक्मिणाताईंना पहिल्या दिवशी वाटलं की बाई आपल्या पाठीमागं बसलेल्या कोणाशी बोलतात. त्यांनी वळून पाहिलं, तर मागं पोती होती.

बाईंची शिकवायची पद्धत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. त्या पाठ्यपुस्तकातला धडा एकदम उघडत नसत. धड्याची किल्ली असावी असा त्यातला एकच शब्द फळ्यावर लिहीत, त्याचा अर्थ थोडक्यात सांगत आणि मग तो आमच्या स्वाधीन करत. प्रत्येकानं तो शब्द घरी न्यायचा, कामाला न्यायचा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल त्याचं एक इंग्रजी वाक्य करून आणायचं. पुस्तकातलं वाक्य चालत नसे. वाक्य सांगितलं की बाई एकच प्रश्न विचारत: “कुठं उभं राहून पाहिलं?” उत्तर देता आलं की वाक्य पक्कं. नाही आलं तर “चुकलं” असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. “परत एकदा पाहून या,” म्हणायच्या.

मार्केट यार्डात आडत्यांची माणसं हळद विकत घेताना वरच्या रंगावर जात नाहीत. कांडी मोडून आतला रंग पाहतात. बाई आमच्या मागच्या पोत्यांकडं बोट दाखवून सांगायच्या की शब्दही असाच मोडून पाहायचा. मला स्पेलिंग सगळी पाठ होती. लहानपणापासून ती माझी सवय आहे. पण ज्या शब्दांचं स्पेलिंग मला येत होतं त्यातले निम्मे मी कधी मोडून पाहिले नव्हते, हे बाईंकडं गेल्यावर समजलं.

आणि एक नियम होता. सगळ्यांची वाक्यं झाल्याशिवाय पुढचा शब्द नाही, आणि पुढचा शब्द नाही तर पुढचा धडाही नाही. हा नियम बाईंनी किती मनापासून पाळला त्याचा एक प्रसंग आधी सांगतो. रुक्मिणाताईंच्या शेळ्या एका आठवड्यात ओळीनं व्यायला लागल्या आणि त्यांचं येणं बंद झालं. आम्ही धरून चाललो की आता त्यांना सोडून पुढं जायचं. बाईंनी सलीमभाईंना जीप काढायला सांगितली. आख्खा वर्ग त्यांच्या शेतातल्या शेळ्यांच्या वाड्यावर गेला. फळा जीपच्या टपावर बांधून नेला होता. बाई एका उलट्या टोपल्यावर बसल्या, आम्ही धसकटं बाजूला सारून जमिनीवर. रुक्मिणाताईंनी नुकतंच जन्मलेलं करडू फडक्यानं पुसत पुसत आपलं वाक्य सांगितलं. बाईंनी नेहमीप्रमाणं विचारलं, कुठं उभं राहून पाहिलं. त्या म्हणाल्या, “बाई, उभं राह्यला वेळ कुठं हाय मला? बसूनच पाह्यलं.” बाई इतक्या मोकळ्या हसल्या की टोपलं मोडलं.

आता त्या शब्दाकडं येतो.

उन्हाळा चालू झाला होता. जुलैमधल्या पुरवणी परीक्षेला बसायचं आम्ही ठरवलं होतं. बालाजीकाकांनी वर्गाला जागा दिली होती खरी, पण नवी हळद यायला लागली होती आणि पोती भिंतीपासून पुढं पुढं सरकत होती. काकांनी बाईंना स्पष्ट सांगितलं होतं की या खेपेला पोरं पास झाली तर जागा कायमची तुमची, भिंत घालून देतो. नाही झाली, तर पुढच्या हंगामापासून तिथं बियाणं आणि खत राहील. काका वाईट माणूस नव्हते. त्यांना हळदीचा हिशोब समजत होता आणि आमचा समजत नव्हता. बाईंनी त्यांचं म्हणणं कबूल केलं होतं. त्यांच्याकडं दुसरी जागा नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

अशात बाईंनी फळ्यावर लिहिलं: एंडलेसली.

अर्थ त्यांनी असा सांगितला. ‘एंड’ म्हणजे शेवट. ज्याला शेवटच नाही अशा रीतीनं एखादी गोष्ट होत राहणं, म्हणजे एंडलेसली. हा शब्द बहुतेक वेळा क्रियापदाच्या मागं चालतो, शेळीच्या मागं करडू चालावं तसा. बोलणं, वाट पाहणं, भांडणं, विचारणं अशा क्रियापदांशी त्याची जास्त सोयरीक. म्हणून त्यात पुष्कळदा कंटाळ्याचा सूर असतो. पण कोणाचं कौतुक करतानाही तो वापरतात. तेव्हा तो गुणाच्या पुढं येऊन उभा राहतो: एंडलेसली दयाळू, एंडलेसली सोशिक. मराठीत याच्या जवळ जाणारे शब्द सांगा, असं बाई म्हणाल्या तेव्हा ‘सतत’ आला, ‘अविरत’ आला, ‘एकसारखं’ आला. रुक्मिणाताई म्हणाल्या, “संपता संपना.” बाईंना तोच सगळ्यांत आवडला.

दुसऱ्या दिवशी वाक्यं आली. रुक्मिणाताईंच्या मेंढ्या एंडलेसली खात होत्या. कुठं उभं राहून पाहिलं? उन्हात, काठी टेकून. पक्कं. सलीमभाईंचे प्रवासी त्यांना एंडलेसली विचारत होते की गाडी कब निकलेगी. कुठं उभं राहून? “बाई, स्टेरिंग के पीछे. और कहां.” पक्कं. हमालांची पोती, दवाखान्यातली फरशी, सगळी वाक्यं पक्की झाली. माझं राहिलं.

मला वाक्य करता येत नव्हतं असं नाही. मला ते खरं वाटत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या विहारात लहानपणापासून ऐकत आलो आहे की जे जे सुरू होतं ते ते संपतं. मग शेवट नसलेली गोष्ट मी पाहिली असं कसं म्हणू? मेंढ्यांचं पोट भरतं. प्रवासी सेनगावला उतरतात. आमच्या दुकानात मी रोज असलेच शब्द छापतो, पण कधी मोडून पाहिले नव्हते. ‘अखंड’ सप्ताहाचा बॅनर सात दिवसांनी उतरतो. ‘सदैव स्मरणात’ असं लिहिलेल्या श्रद्धांजलीच्या बॅनरखाली पावसाळ्यात कडबा झाकलेला मी पाहिला आहे. प्रत्येक नवरदेवाच्या नावाआधी ‘चि.’ लागतो, त्याच्या आजोबांच्याही पत्रिकेवर लागला असेल. ही सगळी उदाहरणं मी बाईंना सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या की तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मग लोकांना हा शब्द लागतो तरी कशाला, ते शोधून आणा.

मी शोधत राहिलो आणि वर्ग थांबला. बाई रोज जुने धडे पक्के करून घ्यायच्या आणि शेवटी माझ्याकडं पाहायच्या. मी नकाराची मान हलवायचो. पुढचे धडे तसेच पडून होते. परीक्षा जवळ येत होती आणि पोती सतरंजीच्या काठाला लागली होती.

रुक्मिणाताईंनी मला गोदामाच्या पायऱ्यांवर गाठून समजावलं. “काय बी सांगून टाक ना, बाबू. नदी वाहती म्हण.”

“आपली कयाधू उन्हाळ्यात कुठं वाहते, ताई?”

“मंग दुसऱ्याची नदी म्हण. काहून आमाला ताटकळत ठेवून राहिला?”

सलीमभाई म्हणाले, “भाई, तेरे एक लफ्ज के वास्ते सब की गाडी खडी है.” पण रुक्मिणाताईंना माझा राग आलेला असला तरी त्यांनी सलीमभाईंनाही सोडलं नाही. त्या म्हणाल्या, “तुमची जीप तरी भरल्याबिगर कधी निघती का हो? परवा एका सीटासाठी मला उन्हात बसवून ठिवलं.” सलीमभाईंनी हसून कान पकडले. त्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा टोकलं नाही. उलट रोज वर्गात शिरताना विचारायचे, “सीट मिली क्या?”

मग बालाजीकाका आले. फळ्यावर तोच शब्द पाहून ते दारातच थांबले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण फळ्यावरचं चित्र बदललेलं नाही हे त्यांना दिसत होतं.

“बाई, मागल्या वक्ताला आलो तवा बी ह्येच लिव्हलं होतं.”

बाई हो म्हणाल्या.

“एका पोरापायी समद्यांची गाडी काहून अडवून राहिल्या तुमी? त्येला ठिवा बाजूला. बाकीचे तरी निघतील.”

मी उठून उभा राहिलो. पिशवी उचलली. मला खरंच जायचं होतं. बाईंनी मला हातानं खाली बसायला सांगितलं आणि काकांकडं वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, “काका, गाडी अडलेली नाही. एक माणूस चढायचा राहिला आहे.”

मागून सलीमभाई बोलले, “बराबर.” काकांनी एकदा सलीमभाईंकडं, एकदा पोत्यांकडं पाहिलं. ठरलेलं लक्षात ठेवा, एवढं बोलून ते गेले.

वर्ग सुटल्यावर मी बाईंना घरापर्यंत सोडायला गेलो. वाटेत मी त्यांना विनंती केली की मला वर्गातून कमी करा. माझ्यामुळं जागा गेली तर मला ते सोसणार नाही. बाई चालता चालता म्हणाल्या, “जागा गेली तर मला फार वाईट वाटेल. खोटं कशाला सांगू. पण तुम्हाला खाली ठेवून वर्ग पुढं गेला, तर तो दुसऱ्या कोणाचा तरी वर्ग असेल.” त्यानंतर त्यांनी विषय बदलला आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

हे एवढ्या विस्तारानं सांगतो आहे, कारण बाईंच्या स्वभावाचं वर्णन करताना लोक ‘मृदू’ हा शब्द वापरतात. त्या बोलायला मृदू आहेत. ज्या गोष्टीवर त्या उभ्या असतात तिथून मात्र त्यांना कोणी हलवू शकत नाही. आपलं सगळं पणाला लागलेलं असताना त्यांनी मला एकदाही घाई केली नाही. त्यांच्या मनात आलं असतं तर माझ्या तोंडी एखादं वाक्य घालायला त्यांना क्षण लागला नसता. ते त्यांनी केलं नाही. माझं वाक्य माझंच असलं पाहिजे, यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

पुढं जे झालं ते मार्केट यार्डाच्या रस्त्यावर झालं. हळदीची आवक एवढी होती की ट्रॅक्टरांची रांग यार्डाच्या फाटकातून बाहेर येऊन रस्त्यानं लांबपर्यंत गेली होती. त्या रस्त्यावरच्या एका इमारतीच्या गच्चीवर आमच्या दुकानाचा बॅनर बांधायचा होता. मी वर चढलो. तिथून रांग पूर्ण दिसत होती. एक तोंड फाटकाला, दुसरं पेट्रोल पंपापाशी. मधे तुटक पिवळा पट्टा ओढल्यासारखी पोत्यांची ओळ. मी बॅनर बांधला, दोऱ्या ओढून पाहिल्या आणि खाली उतरलो.

त्याच रांगेत कुरुंद्याचे माझे मामा आपली हळद घेऊन आलेले होते. आईनं त्यांच्यासाठी डबा दिला होता. शोधत शोधत मी त्यांच्या ट्रॅक्टरपाशी पोचलो. मामा चाकाच्या सावलीत बसले होते. त्यांनी डबा उघडला, भाकरी मोडली आणि म्हणाले, “कालपासून हितंच हाय. फुडचा हालला की मी हालतो. ह्या रांगंला शेवट हाय का न्हाई, कोणाला ठाव.”

मी त्यांना धीर द्यायला गेलो. म्हणालो, शेवट आहे मामा. मी आत्ताच गच्चीवरून पाहिला. फाटक फार लांब नाही.

मामांनी घास थांबवला. “तू वरून पाह्यलं. मी खाली हाय. मला फुडच्याची ट्रॉली दिसती, बस.”

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पुढं पाहिलं. पुढच्याची ट्रॉली दिसली. मागं पाहिलं. मागच्या ट्रॅक्टरचं तोंड दिसलं. दोन्हीकडं पोती. थोड्या वेळापूर्वी मी या रांगेची दोन्ही टोकं पाहिली होती आणि तरीही तिथं बसल्यावर ती मला कुठं दिसेनात. इंजिन एकदा चालू झालं, ट्रॅक्टर हातभर पुढं गेला, बंद झाला. मामा हसले आणि म्हणाले, “बघ, आलं यार्ड.”

संध्याकाळी मी वर्गात सगळ्यांच्या आधी पोचलो. बाईंनी नेहमीप्रमाणं शेवटी माझ्याकडं पाहिलं. मी उभा राहिलो. शेतकरी बाजाराच्या फाटकापाशी एंडलेसली वाट पाहतात, असं वाक्य मी इंग्रजीत सांगितलं.

“कुठं उभं राहून पाहिलं?”

“मामाच्या ट्रॅक्टरपाशी, बाई. खाली बसून.”

“ती रांग संपते का?”

“संपते. गच्चीवरून दिसतं. दोन्ही टोकं दिसतात.”

“मग तुमचं वाक्य खोटं आहे?”

“नाही, बाई. गच्चीवर उभं राहून खोटं आहे. मामाशेजारी बसून खरं आहे. हा शब्द रांगेबद्दल सांगत नाही. तो सांगणारा कुठं बसलाय, ते सांगतो.”

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला. मग त्या आमच्याकडं पाठ करून फळ्याकडं वळल्या आणि इतके दिवस तिथं असलेला तो शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं पुसला. फळ्यावर त्याचा पुसट पांढरा डाग राहिला. त्यावरच त्यांनी नवा शब्द लिहिला: सडनली. म्हणजे अचानक. सलीमभाई म्हणाले, “ये तो अचानक बिल्कुल नहीं हुआ, बाई.” आणि सगळा वर्ग हसत सुटला. रुक्मिणाताईंनी मला पाठीत एक धपका घातला. त्या धपक्याचा हळदीचा पंजा माझ्या सदऱ्यावर अजून आहे.

त्यानंतर वर्ग धावला, असंच म्हणावं लागेल. मागं पडलेले धडे आम्ही जीपमध्ये वाचले, पोत्यांवर बसून वाचले. बाई पहाटेही यायला लागल्या. सगळ्यांत मोठी गोष्ट ही की आता कोणालाही भीती वाटत नव्हती. आपण राहिलो तर हे लोक थांबतील, हे प्रत्येकानं पाहिलं होतं. जो थांबेल अशी खात्री असते त्याच्यासाठी माणूस पळत येतो.

लोक मला विचारतात म्हणून सांगून ठेवतो: परीक्षेत तो शब्द आला नाही. पण एका प्रश्नात बाजाराचं वर्णन लिहायचं होतं. बाहेर आल्यावर आम्ही एकमेकांना विचारलं तर प्रत्येकानं वेगळा बाजार लिहिला होता. रुक्मिणाताईंनी शेळ्या विकायला बसून पाहिलेला, सलीमभाईंनी जीपच्या काचेतून पाहिलेला, मी रांगेतून. कोणी कोणासारखं लिहिलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी आमच्या दुकानातल्या संगणकासमोर सगळे उभे होते. मी एकेकाचा क्रमांक टाकत गेलो. पास. पास. पास. रुक्मिणाताईंनी आपला निकाल मला परत परत वाचायला लावला. सलीमभाईंनी जीपचा हॉर्न एवढा वेळ दाबून धरला की बसस्थानकातला वाहतूक नियंत्रक बाहेर आला. मग त्यांनी मुलीला फोन लावला आणि इंग्रजीत एकच शब्द बोलले: “पास्ड.” माझा क्रमांक मी सगळ्यांच्या नंतर टाकला. पास. एकही माणूस खाली राहिला नव्हता.

बाई दाराशी उभ्या होत्या. आम्ही सगळे त्यांच्याकडं वळलो. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “चला, आता चहा तरी पाजा.” त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी आजपर्यंत छापलेल्या कोणत्याही शब्दात मावणार नाही.

बालाजीकाकांनी शब्द पाळला. पेढे घेऊन स्वतः आले, गोदामात भिंत घातली आणि वर्गासाठी नवा बॅनरही आपल्या खर्चानं करतो म्हणाले. फक्त ‘नापासांचा’ हे नाव आता बदला, समदी पोरं पास झाली की, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाई म्हणाल्या, “काका, पास झालेल्यांना वर्ग कशाला लागतो?” काका मोठ्यानं हसले आणि त्यांनी पेढ्यांचा दुसरा पुडा उघडला. तो बॅनर मी जुळवला. ‘नापासांचा’ हा शब्द मी कोणी न सांगता सगळ्यांत मोठा केला. सेनगावच्या जीपमधून उतरणाऱ्याला तो रस्त्याच्या पलीकडून वाचता येतो.

रुक्मिणाताई आज अंगणवाडीत लेकरांना ‘तुम्ही’ म्हणतात आणि गावातल्या बाया त्यांना हसतात. सलीमभाईंची जीप अजूनही भरल्याशिवाय निघत नाही, पण आता ते त्याला वाढवे बाईंचा नियम म्हणतात. वर्ग चालू आहे. तिथं दर हंगामात नवी माणसं येऊन बसतात आणि कोणीतरी एक जण दरवेळी मागं राहतो. त्याच्यासाठी सगळे थांबतात.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. अशा वेळी ‘शतायुषी व्हा’ असं लिहायची पद्धत आहे. मी तो मजकूर कित्येक बॅनरवर जुळवला आहे. या लेखात मात्र मला तो लिहवत नाही, कारण तो गच्चीवरून पाहिल्यासारखा वाटतो. त्यात दोन्ही टोकं दिसतात. म्हणून माझी शुभेच्छा मी बाईंनी शिकवलेल्या शब्दातच देतो. बाईंचं आरोग्य उत्तम राहो, त्यांची नजर आणि आवाज आहे तसा राहो, आणि त्यांनी आम्हाला एंडलेसली शिकवत राहावं.

हे वाक्य बाई वाचतील आणि मान वर न करता विचारतील, हे मला माहीत आहे. म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवतो. बाई, तुमच्या वर्गात, खाली सतरंजीवर बसून पाहिलं. इथून शेवट दिसत नाही.